कुयरी आणायला

"इथे बसून काय करणार?" हा प्रश्न त्या हिवाळ्यात आमच्या घरात रोज कुणीतरी विचारायचं. आई पोळ्या लाटताना विचारायची. नाशिकहून आत्याचा फोन आला की आत्या विचारायची. बाबा विचारत नसत, पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघत. उत्तर त्यांचं ठरलेलं होतं: उन्हाळ्यात मला नाशिकला न्यायचं, आत्याने दोन-तीन स्थळं बघून ठेवली होती. त्यातून सुटायचं तर माझ्याकडे दुसरं काही उत्तर असायला हवं होतं. ते नव्हतं.

बारावीपर्यंत मी कुवेतमधल्या इंग्रजी शाळेत शिकले. पुढे पुण्यात हॉस्टेलवर राहायचं म्हटलं, तर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द. म्हणून बी.ए. पोस्टाने केलं. बाबांच्या व्हिसावर आलेल्या मुलीला नोकरी करता येत नसे. गाडी बाबांबरोबर शुऐबाच्या कारखान्यात जायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर यायची. खैतानच्या आमच्या रस्त्यावर एकट्या मुलीने चालायचं नाही, असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण आईने तसं ठरवलं होतं. मी खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, दूध आणायला जायची, तेवढंच. उन्हासाठी आमच्या सगळ्या खिडक्यांना बाबांनी आतून चांदीचा कागद लावला होता, स्वयंपाकघरात चपात्या गुंडाळतात तो. त्याच्या एका कोपऱ्यात मी नखाने भोक पाडलं होतं. त्यातून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. त्यांनाही कागद लावलेला.

त्या रिकाम्या वर्षांत मी दोन गोष्टी केल्या. आईच्या कपाटातले दिवाळी अंक वाचून मराठी सुधारलं, कारण तोवर आईच्या मराठीला मी इंग्रजीत उत्तरं द्यायची. आणि दुपारी टीव्हीवर अरबी कार्टून बघितली. शाळेत लहान वर्गांत अरबी सक्तीचं होतं, ते विसरायच्या ऐवजी वाढत गेलं. हे घरात कुणाला फारसं माहीत नव्हतं. सांगण्यासारखं काही वाटलंही नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी मराठी मंडळाची सहल निघाली. गुरुवार-शुक्रवार तेव्हा सुट्टीचे दिवस. सहल काकूंनी काढली होती. काकू म्हणजे बाबांच्या साहेबांची बायको, साताऱ्याकडची, उंच, मोठ्या आवाजाची, आणि आमच्या सगळ्या हळदीकुंकवांची प्रमुख. त्यांनी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून गाइडसकट बस ठरवली होती. सकाळी शहरात समुद्राकाठच्या एका जुन्या घरात बदायुनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या बायका विणकाम करतात ते बघायचं, मग सौदीच्या सरहद्दीजवळ वाफ्राच्या शेतांवर जेवण, संध्याकाळी परत. "नुसतं काय मॉलमध्ये फिरता," काकू म्हणाल्या होत्या, "या देशाचंही काही बघा की. आणि हळदीकुंकू तिथंच उरकू."

बसच्या दारातच त्यांनी मला बघितलं. "ही बघा, आली शेवटी बाहेर! काय गं, ऊन बघितलंस का कधी?"

मी हसले. मी अशा वेळी नेहमी हसते. आईने मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाजूला बसली, म्हणजे मला उठायचं तर आईला उठवावं लागणार. खिडकी उघडत नव्हती. बसमध्ये एसी होता म्हणून उघडायची सोयच नव्हती.

गाइड रत्नागिरीकडचे एक मुसलमान गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मेहंदी लावलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात माइक. कुवेतमध्ये फार वर्षं काढलेली, आधी लाकडी गलबतांवर, मग या बसवर. "आता डाव्या हाताला बगा," ते म्हणायचे, "ही जी भिंत दिसताय ना, ही तीनशे वर्सांची हाय."

पुढे एक मशीद आली. तीही तीनशे वर्षांची. मग एक पाण्याची टाकी.

"हीसुद्धा तीनशे वर्षांची का हो चाचा?" मागून एकजण ओरडला.

"नाय नाय," चाचा गंभीरपणे म्हणाले. "ही दोनशेची."

सगळे हसले. चाचाही हसले. भिंतीवरच्या पाटीवर ती कधी बांधली ते अरबीत लिहिलं होतं. ती माझ्या आईपेक्षा तरुण होती. मी वाचलं आणि काही बोलले नाही.

"आता आपण जिथं जातोय," चाचा म्हणाले, "तिथल्या विणकामाला सदू म्हणतात."

"कोण सदू?" काकूंचे यजमान म्हणाले. "आमच्या ऑफिसातला?"

त्यावर बस शहरात शिरेपर्यंत हसत राहिली.

त्या घराच्या दारात एक अडचण निघाली. विणणाऱ्या बायका आतल्या चौकात बसल्या होत्या, तोंडावरचे बुरखे काढून. त्यामुळे पुरुषांनी बाहेरच्या दालनात थांबायचं, आणि चाचाही पुरुषच. चाचा माइक हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांना पहिल्यांदाच काय बोलावं सुचत नव्हतं. आत एवढ्या बायका, आणि सांगणारं कोणी नाही.

"कुणाला अरबी येतं का?" काकूंनी विचारलं. "बकाल्यातलं नको, नीट येणारं."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मीच आईकडे बघितलं, आणि ते काकूंनी पाहिलं.

"तुला येतं?"

"थोडं," मी म्हणाले.

"थोडं म्हणजे किती? चल पुढे."

अशी मी त्या चौकात पुढे ढकलली गेले. गाइड म्हणून.

जमिनीवर एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे लोकरीचे ताणलेले धागे, दोन टोकांना जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. माग म्हणावा असं काही उभं नव्हतंच, सगळं आडवं, मातीला लागून. ती हरणाच्या शिंगाने धागे उचलायची, आडवा धागा घालायची, मग त्याच शिंगाने दाबायची. तयार होत होता तो एक लांब, अरुंद पट्टा, लाल आणि काळा, मध्ये पांढरे त्रिकोण. असे पट्टे एकमेकांना शिवून तंबूच्या आतल्या भिंती होतात, असं तिने सांगितलं आणि मी मराठीत सांगितलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मागच्या बायका म्हणाल्या, मोठ्याने बोल. मी मोठ्याने बोलले.

म्हातारीला माझे उच्चार कार्टूनसारखे वाटले असावेत. ती हसली. "तू कुठे शिकलीस?"

"टीव्हीवर," मी म्हणाले. तिने ते शेजारच्या बाईला सांगितलं आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. मलाही हसू आलं. नेहमीचं नव्हतं ते.

मग काकूंनी पर्समधून कुयरी काढली. चांदीची, आंब्याच्या आकाराची, दोन कप्प्यांची, एकात हळद आणि एकात कुंकू. त्यांच्या सासूबाईंची होती ती. तिळगूळ आणि वाण म्हणून आणलेल्या स्टीलच्या वाट्या आईच्या पिशवीत होत्या.

"तिला सांग, आमच्यात संक्रांतीला बायकांना हळदीकुंकू लावतात," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आणि विचार गं आधी, नवरा आहे ना तिचा?"

ते कसं विचारायचं, हे मला कळेना. कार्टूनमध्ये कुणी कुणाला असं विचारत नाही. मी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"सात," ती म्हणाली.

"सात," मी सांगितलं.

"सात!" काकू म्हणाल्या. "मग असणारच." आणि त्यांनी कुयरीचं झाकण उघडून ती पुढे धरली, बोट हळदीत बुडवायच्या बेतात.

म्हातारीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

काकूंचं बोट तसंच हवेत राहिलं. म्हातारीने हळद हुंगली. "कुरकुम," ती शेजारच्या बाईला म्हणाली. मग कुंकवाकडे बघितलं, चिमटीत घेऊन चोळलं. पायाशी पांढऱ्या लोकरीचा गुंडा होता, त्याचं एक टोक तिने ओलं करून हळदीत लावलं, दुसरं कुंकवात, आणि दोन्ही उजेडात धरली. पिवळं टोक बघून ती खूश झाली. लाल टोक तिला पटलं नाही, तिने तोंड वाकडं केलं.

मला कळलं. तिला वाटलं होतं, आम्ही रंग आणलाय. विणणाऱ्या बाईकडे येताना कुणी रंग आणणार, यात तिला काहीच नवल वाटलं नव्हतं.

"अगंऽऽ," काकू म्हणाल्या. "अगं, काय करतेय ती? उष्टवली ना!"

"तिला वाटलं, आपण लोकर रंगवायला आणलंय."

मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी मान वळवली, हसणं थांबलं. म्हातारीने तोवर कुयरीचं झाकण लावून ती आपल्या गुडघ्याखाली सरकवली आणि शिंग उचलून कामाला लागली.

"माग ना ती परत," काकू म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंची आहे गं ती!"

मी म्हातारीशेजारी खाली बसले. भांडं त्यांचं आहे, परत हवंय, असं तिला सांगितलं. ती हात न थांबवता म्हणाली, हो, देईन की, पण आज कशी देऊ, आज तर ते रिकामं होणार. कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? रंग झाला की ये, दाखवते, आणि तेव्हा भरून देते.

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

साताऱ्यात काय आणि वाळवंटात काय, शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत, याच्यावर त्यांना बोलता येईना. "मग... कधी ये म्हणते?"

"पुढच्या गुरुवारी."

तिने गुरुवार म्हटला होता. पण मी पुन्हा एकदा मागितली असती तर तिने हळद कुठल्याशा कागदात ओतून कुयरी तिथल्या तिथे दिली असती, असं मला वाटत होतं. मी पुन्हा मागितली नाही. माझ्या अबोलपणाचा तोवर मला कधीच उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

त्या घराची व्यवस्था बघणाऱ्या एक मॅडम तिथे होत्या, चष्मा लावलेल्या, कुवेती. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. परदेशी पाहुणे येतात, विणलेल्या वस्तूंवर इंग्रजीत चार ओळींच्या चिठ्ठ्या हव्यात, म्हातारी सांगेल ते कुणीतरी लिहून काढायला हवं. पगार देता येणार नाही, पण हवं तर विणायलाही शीक. आठवड्यातून एक सकाळ.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "वी विल आस्क अँड टेल."

वाफ्राला जाईपर्यंत दोन्ही बाजूंना सपाट वाळू होती. मी काचेला कपाळ टेकवून बसले. मधूनच तंबूंचे जथे दिसत, थंडीत कुवेती कुटुंबं तिथे राहायला येतात. एका ठिकाणी बस थांबली तेव्हा चाचांनी माइकवर बजावलं, रस्ता सोडून खाली उतरायचं नाही, लढाईतले सुरुंग अजून कुठे कुठे वाळूत आहेत. त्यामुळे पाय मोकळे करायला उतरलेले सगळे बसला टेकून उभे राहिले. एवढं मोठं मोकळं आणि कुणाला चार पावलं जाता येईना. आईने माझं मनगट धरलं होतं. मी काही पळणार नव्हते.

"तिथं काय मिळणार आहे," आई हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात नाशिकला जायचंय. आता कशाला नवीन काढायचं?"

"मी विचारू बाबांना?"

"विचार," आई म्हणाली, आणि तिला माहीत होतं की मी विचारणार नाही.

शेतावर प्लॅस्टिकच्या लांब बोगद्यांमध्ये काकड्या लावल्या होत्या. आत गेलं की दमट, गरम वाफ अंगावर यायची. जेवणानंतर पुरुष पत्ते खेळत होते. बाबा उठून एका बोगद्यात गेले. ते पत्ते खेळत नाहीत, आणि गर्दीत फार वेळ थांबत नाहीत. मी त्यांच्यावर गेलेय, असं आई म्हणते. मी त्यांच्या मागोमाग गेले. कपडे पाठीला चिकटले. माझ्यापुढे बाबांची पाठ होती, दोन्ही बाजूंना काकड्या, वर प्लॅस्टिक. आत फक्त पुढे किंवा मागे जाता येत होतं.

"बाबा, मला त्या विणकामाच्या घरी जायचंय. गुरुवारी."

"कुयरी आणायला ना? काकूंनी सांगितलं मला. जाऊ."

"नंतरही. दर आठवड्याला."

ते वळले. "कशाला?"

"शिकायला. आणि त्यांना इंग्रजीत लिहून हवंय."

"पैसे देतात?"

"नाही."

"मग?"

उत्तर तोंडात होतं, पण इंग्रजीत होतं, आणि इंग्रजीत ते फार सोपं वाटलं असतं. "मग काही नाही," मी म्हणाले. "मला तिथे बसायचंय. इथे बसण्यापेक्षा."

बोगद्याच्या तोंडाशी चाचा काकडी खात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. "मी सोडतंय की पोरीला," ते म्हणाले. "माजी शाळेची गाडी खैतानातच आसताय, गुरवारी मोकळी."

बाबांचा चेहरा एकदम बंद झाला. "नको नको, चाचा. बघू आम्ही." आणि मला, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. इतकी वर्षं तसाच अर्थ होता.

परतीच्या बसमध्ये भेंड्या झाल्या. काकू मध्येच मला ओरडून म्हणाल्या, "कुयरी आण गं बाई तेवढी! नाहीतर सासूबाई वरून खाली येतील!" सगळे हसले, मीही हसले.

पुढच्या गुरुवारी बाबांनी मला तिथे नेलं. साहेबांच्या बायकोची कुयरी होती, न्यावंच लागलं. ते आत आले नाहीत. रस्त्यापलीकडे गाडी लावून काचा वर करून बसले.

म्हातारीने मला पिवळी लोकर दाखवली. आमच्या वरणासारखा रंग आला होता. कुयरीत तिने वेलदोडे भरून ठेवले होते, दोन्ही कप्प्यांत, झाकण बसेना इतके. मग तिने खुंटीपाशी जागा करून दिली, शिंग माझ्या हातात दिलं आणि मनगट धरून धागा कसा उचलायचा ते दाखवलं. आईनेही त्याच हाताचं मनगट धरलं होतं. मला वेळेचं भान राहिलं नाही. मॅडमनी दिलेल्या कागदावर मी पहिली चिठ्ठी लिहिली, तीत हळदीचा उल्लेख केला.

बाहेर आले तेव्हा ऊन गाडीवर आलं होतं. बाबांनी पेपर घडी करून ठेवला.

"मिळाली?"

"मिळाली." मी कुयरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडून वेलदोडे हुंगले.

"पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय," मी म्हणाले.

बाबांनी गाडी चालू केली. "बघू," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी तयार होऊन दारापाशी उभी राहिले. बाबांनी चहा संपवला आणि किल्ली घेतली. त्यानंतर दर गुरुवारी. एकटीने टॅक्सीने जाते म्हटलं की ऐकायचे नाहीत. चाचांचं नाव काढलं की ऐकूच यायचं नाही. त्यांचा सुट्टीचा दिवस ते रस्त्यापलीकडे गाडीत बसून काढायचे. मी चौकात बसायची तिथून एका लहान खिडकीतून आमची गाडी दिसायची. धागा चुकला की मी वर बघायची, आणि गाडी असायची. मला कधी ते बरं वाटायचं, आणि कधी वाटायचं, खुंटीला बांधलेल्या धाग्यासारखं दुसऱ्या टोकाला कुणीतरी ताणून धरलंय. पट्टा मात्र वाढत होता.

नाशिक टळलं नाही. जूनमध्ये गेलो. आत्याच्या हॉलमध्ये मुलाची आई, मुलगा आणि त्याचा मामा. पोहे झाले. मुलाच्या आईने चांगल्या आवाजात विचारलं, "तिथे कुवेतला घरीच असतेस ना? मग दिवसभर काय करतेस बसून?"

"विणते," मी म्हणाले.

"अरे वा! म्हणजे स्वेटर वगैरे?"

"नाही."

आई माझ्याकडे बघत होती, अजून काहीतरी बोल म्हणून. माझ्या डोळ्यांपुढे तो चौक होता आणि तो या हॉलमध्ये कसा आणायचा ते मला कळत नव्हतं. तेवढ्यात बाबा बोलले. तोवर त्यांनी पाणी मागण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

"तंबूचे पट्टे विणते ती," ते म्हणाले. "जमिनीवर बसून, हरणाच्या शिंगाने. आत एक पिवळी ओळ आहे, ती हळदीची. आपल्या हळदीची."

मी त्यांना यातलं काहीच कधी सांगितलं नव्हतं. दाराजवळच्या फळीवर माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या असत. कधीतरी ते गाडीतून उतरून तिथपर्यंत आले असणार.

मुलाच्या मामांनी "इंटरेस्टिंग" म्हटलं आणि चहा घेतला. त्यांच्याकडून होकार आला नाही. पुढच्या वर्षी परत बघू, असं आत्या म्हणाली, आणि ती तेव्हा जे म्हणायची ते करायची.

ऑगस्टमध्ये कुवेतला परतलो. खिडकीवरच्या कागदाला मी पाडलेलं भोक बाबांनी जाण्याआधीच टेप लावून बुजवलं होतं, ऊन येतं म्हणून. पहिल्या गुरुवारी बाहेर इतकं तापलं होतं की गाडीच्या हँडलला हात लावता येईना. मी म्हटलं, आत येऊन बसा, बाहेरच्या दालनात पंखा आहे. नको म्हणाले. मी चौकात जाऊन बसले, शिंग उचललं, आणि थोड्या वेळाने वर बघितलं. रस्त्यापलीकडे गाडी चालू होती, काचा वर, एसीचं पाणी खाली रस्त्यावर गळत होतं, आणि आत बाबा पेपर वाचत होते.